राजीनाम्याचं कारण

उर्मिलाचा करार मार्चअखेर संपला आणि तिच्या हातात या देशातले शेवटचे तीस दिवस उरले.

आठ वर्षं ती इथल्या विद्यापीठात समुद्रातल्या गवतावर संशोधन करत होती. मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत सॉफ्टवेअरची टीम सांभाळते. टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी एकत्र राहायचो. घरमालकीण आम्हाला बहिणी समजायची, आम्हीही ते कधी खोडून काढलं नाही. खरं तर आमचं लग्न झालेलं आहे. २०१८ साली उर्मिला एका परिषदेसाठी वेलिंग्टनला गेली, मी रजा टाकून मागोमाग गेले, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे दोन अनोळखी साक्षीदारांसमोर आम्ही सह्या केल्या.

तो दाखला घेऊन मी आमच्या एचआरमधल्या मिस लिमकडे गेले. नोकरदाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला इथे डिपेंडंट पास, म्हणजे जोडीदारासोबत राहायचा परवाना मिळतो. तिने दाखला दोनदा वाचला.

"विभा, असा अर्ज पुढे पाठवताच येत नाही. कॅनॉट लाह," ती म्हणाली. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याच आठवड्यात माझ्या टीममधल्या राजसच्या बायकोचा पास आला. राजस नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा. दोन व्हिडिओ कॉल आणि एक कॉफी, एवढ्या ओळखीवर त्याने जानेवारीत चैत्रालीशी लग्न केलं. त्याच्या अर्जाला मीच शिफारस दिली होती. तीन आठवड्यांत काम झालं.

लोक म्हणतात, केवढं बदललंय सगळं. बदललंय ना. २०२२च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी इथल्या पंतप्रधानांनी टीव्हीवर भाषणात सांगितलं की समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा जुना कायदा जाणार. आम्ही मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो, शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरांनी एकमेकांना मिठी मारली. त्याच भाषणात पुढे आलं की लग्न मात्र स्त्री-पुरुषाचंच राहील, आणि तेही राज्यघटनेतच पक्कं करू, म्हणजे कोर्टात जायची सोय नको. आणि गेला तो कायदाही पुरुषांपुरता होता. बायकांची त्यात साधी दखलसुद्धा नव्हती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नांवरचा निकाल मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर ऐकला. आमच्याबद्दल किती गोड बोलले सगळे! शेवटी काय, तर सरकारने समिती नेमावी. मी फोन खिशात टाकला आणि मीटिंगला जाऊन बसले. इतकी वर्षं मी अशीच जाऊन बसत आले होते.

उर्मिलाचे दहा दिवस उरले असताना राजसने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. चैत्रालीने हौसेने पाटवडी रस्सा केला होता. नवं घर, नवे पडदे, दारावर दोघांच्या नावाची पाटी. उर्मिला परत जाणार हे कळल्यावर राजस हसत म्हणाला, "विभाताई, एवढं काय टेन्शन? इथलाच एखादा पासवाला बघून उर्मिलाताईंचं लग्न लावून टाकू. प्रश्नच मिटला!"

"तिचं लग्न झालंय," मी म्हणाले.

"अरे! कधी? कोणाशी?"

"माझ्याशी. सात वर्षं झाली. तुझ्या बायकोच्या कागदावर मी शिफारस दिली ना, तसाच कागद आमच्याकडेही आहे. तुझा चालला. आमचा चालत नाही. कळला प्रश्न?"

राजसने आधी चैत्रालीकडे पाहिलं, जणू तिने हे ऐकायला नको होतं. मग म्हणाला, "नाही, म्हणजे... मला काही प्रॉब्लेम नाही, ताई."

"तुला कसा असेल? तुझा पास आलाय."

चैत्राली उठली आणि उर्मिलाच्या वाटीत रस्सा वाढू लागली. उर्मिलाने ताटावरून मान वर केली नाही.

घरी पोहोचल्यावर उर्मिलाने दार लावलं. मग माझ्याकडे वळली.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं? त्याचं ते बोलणं ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्याची आई आणि माझी मावशी एकाच भिशीत आहेत, विभा. उद्या सकाळी आईचा फोन येईल. ते तुला नाही, मला झेलायचंय. राग तुझा, आणि नाव माझं घेतलंस."

फोन सकाळी नाही, दुपारी आला. तिची आई वीस मिनिटं रडली आणि शेवटी म्हणाली, "बाबांना एवढ्यात सांगू नकोस." उर्मिलाने फोन ठेवला आणि पुस्तकं खोक्यात भरू लागली. मी शेजारी बसून चिकटपट्टी लावत राहिले. रात्री जेवताना तिने एकच वाक्य म्हटलं, "चूक तुझी होती, पण खोटं काही बोलली नाहीस."

ती पुण्याला गेली. सहा आठवड्यांनी तिला आमचं लग्न झालं त्याच देशात, डुनेडिनच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथल्या व्हिसाच्या अर्जावर जोडीदाराच्या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं आणि मला फोटो पाठवला. तो अर्ज कोणी परत केला नाही.

मी राजीनामा दिला. कारणाच्या जागी लिहिलं: 'माझ्या पत्नीला या देशात पास मिळू शकत नाही.'

मिस लिम तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहिलंस तरी चालेल. सगळे तसंच लिहितात."

"यात वैयक्तिक काय आहे?" मी विचारलं. आजूबाजूच्यांच्या माना वळल्या, तरी आवाज खाली आणला नाही. "हे कारण मी केलेलं नाही. आहे तसंच फाइलला लाव."

तिने माझ्याच पेनने त्यावर तारीख घातली आणि कागद घेऊन गेली.