निळा चेंडू आणि न हसणारे आबा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, कोपरे तर अजिबातच नाहीत. तुम्ही नुसते गोल आहात. खिडकीतून झुळूक आली तरी तुम्ही सरकता, कुणी दार आपटले तरी थरथरता. एका जागी गप्प राहा, असे सगळे सांगतात आणि नेमके तेच तुम्हाला जमत नाही. केलीत कल्पना? मग आता तुम्ही माझ्या जागी आहात.

मी एक जुना निळा चेंडू आहे. खेळातला नव्हे. माझ्यावर मोठी माणसे बसतात. कारखान्यातल्या गरम साच्यातून निघालो, तेव्हा माझी घडी घालून मला खोक्यात कोंबले होते. माझ्यात पहिली हवा भरली ती फिजिओताईने. फिजिओताई म्हणजे गोळ्या-औषधांऐवजी व्यायामाने दुखणी बरी करणारी बाई. तिच्या खोलीत एक पलंग, एक आरसा, एक हिरवा पडदा आणि प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा होता. मी या सगळ्यांच्या मधून सारखा घरंगळत असे आणि ताई मला सारखी पायाने अडवत असे.

ताईचे काम जरा वेगळे होते. आपल्या कमरेच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. पोटातले सगळे सामान ती तोलून धरते. वर्गात तास चालू आहे, लघवी लागली आहे आणि बाई बाहेर सोडत नाहीत, तेव्हा तुम्ही जे आवळून धरता ना, ते काम या झोळीचे. ती सैल पडली, किंवा उलट कायमची आखडली, की माणसाची पंचाईत होते. बायका बाळंतपणानंतर ताईकडे येत. पुरुषही येत, पण ते आत येण्याआधी रस्त्याकडे बघून घेत. काहींच्या तक्रारी नवरा-बायकोच्या आयुष्यातल्या असत. त्या तुम्हाला मोठेपणी कळतील. आज एवढेच ऐकून ठेवा, की त्यातल्याही कितीतरी याच व्यायामाने हलक्या होत, आणि त्या सांगताना माणसांचा जीव अगदी अर्धा होई.

माझे काम खोटे पकडण्याचे. झोळी आवळा म्हटले, की लोक भलतेच काहीतरी आवळत. कुणी ढुंगण, कुणी पोट, कुणी दात. श्वास रोखून लालबुंद होत. की लागलोच मी डुगडुगायला. नेमका स्नायू हलक्या हाताने आवळला, तरच मी जागचा हलत नसे. ताई म्हणे, "माझ्याआधी या निळ्याला कळतं." हे ऐकले की मला फुगायला होई, आणि मी तर आधीच फुगलेला.

एकदा सायकलींच्या पंक्चरचे दुकान चालवणारे एक आबा आले. नखांत काळे वंगण, खिशात रबराचे तुकडे. लघवीच्या वाटेजवळच्या एका ग्रंथीचे त्यांचे ऑपरेशन झाले होते. ते छान पार पडले, पण मागे एक त्रास ठेवून गेले.

"ताई, आयुष्यभर लोकांच्या ट्यूबा बुजवल्या," आबा म्हणाले. "आणि आता माझीच गळते."

स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना हसू फुटले आणि ते एकदम दचकून थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"बघा, हे असं. शिंक आली की थेंब, खोकला की थेंब. तेही चालवून घेतलं असतं. पण हसलो की धोतर बदलायची पाळी."

"घरी सांगितलंत?"

"छे! घरी काय सांगायचं? हसायचंच बंद केलंय."

आबांना एक नात होती. ती एका जागी टिकत नसे, म्हणून ते तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकांच्या नकला करून आबांना लोळवायचे, हा तिचा उद्योग. पण ऑपरेशनपासून तिने तोंड उघडले, की आबा उठून चालते होत.

"परवा विचारत होती, 'आबा, मी काय केलं?' मी म्हटलं, 'जा, अभ्यास कर.' झालं, तेव्हापासून दुकानात फिरकली नाही. ताई, ती मला विसरेल हो."

"आजोबांना कुणी विसरतं का?"

"माझ्याबरोबर हसायचं विसरेल. म्हणजे तेच झालं की."

व्यायाम सुरू झाला. आबा फार मन लावून करत. इतके, की माझी डुगडुग थांबेचना. आणि त्यांचा त्रास काही हटेना.

मग एका दिवशी ताई फोन घ्यायला बाहेर गेली. आबांनी मला अंगठ्याने दाबून पाहिले. "अरे, तुझ्यात हवाच नाही की!" म्हणत त्यांनी पंप ओढला आणि सवयीने हात चालवत सुटले. मी टम्म झालो. माझी कातडी करकरू लागली. आता फुटतो की मग फुटतो, असे मला झाले. आबा बसायला गेले आणि असे काही घसरले, की पलंगाचा कठडा धरून कसेबसे उभे राहिले.

"काका, याला काय केलंत?" ताई धावत आली.

"कडक केला जरा. मऊ चाक काय कामाचं?"

ताईने माझ्याकडे पाहिले, मग आबांकडे. "काका, खरं सांगा. घरी व्यायाम कसा करता?"

"करतो म्हणजे? सोडतच नाही! सकाळी जे आवळतो ते झोपेपर्यंत."

"तरीच! हात लावून बघा याला. तुमच्या झोळीचं असंच झालंय. दिवसभर ओढून धरली, तर ती थकून जाते. मग हसू आलं की तिच्याकडे आवळायला उरतं काय?"

आबांनी माझ्यावर तळहात ठेवला. कान जवळ आणला, दुकानात ट्यूबजवळ आणत तसा. मग त्यांनी माझे बूच थोडे सैल केले. फुस्स करून हवा जाऊ लागली, आणि तिच्याबरोबर आबांनीही श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले. वर्षानुवर्षे माणसे बसवून घेतलेल्या मला तेव्हा कळले, की हा माणूस आज पहिल्यांदा खरा बसला.

"असं सोडायचं होय?" त्यांनी विचारले.

"असंच. आधी सोडायला शिका. आवळणं मग येतंच."

मित्रांनो, मी आता दारामागे असतो. ताईकडे टीव्हीसारखा पडदा असलेले यंत्र आले आहे. ते आकडे दाखवते, मी फक्त डुगडुगत असे. माझी कातडी सुरकुतली आहे. हवा भरायला कुणाला सवड होत नाही, आणि तरीही प्रत्येक पावलाच्या आवाजाला मी सरसावतो. त्याची तक्रार नाही. तुम्ही मात्र एक करा. घरातले कुणी हसायचे थांबले, तर ते आपल्यावर रागावले असे ठरवून दूर जाऊ नका. कधी कधी त्या माणसाचे कुठेतरी काही गळत असते आणि ते सांगायला त्याला तोंड नसते. आबा आपल्यावर रागावले, असे भिंगरीनेही ठरवूनच टाकले होते. ती ताईकडे आली तो दिवस सांगतो आणि थांबतो.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, घरी कुणी नव्हते, म्हणून आबा तिला घेऊन आले. ती पडद्याबाहेर बाकावर पाय हलवत बसली. आबांचा व्यायाम आता चांगला जमत होता. त्यांच्याखाली मी दगडासारखा स्थिर राहत असे, मलाच खरे वाटत नसे.

"खोकून झालं, उठून बसून झालं," ताई म्हणाली. "आता हसून बघायचं. हसू येतंय असं वाटलं, की आधी आवळायचं, मग हसायचं, मग सोडायचं. पण मला विनोद सांगता येत नाहीत हो."

आबांनी पडद्याकडे बोट दाखवले. "बाहेर आहे एक."

भिंगरी आत आली, पण भिंतीला टेकून उभी राहिली. "मी नाही सांगणार. माझे विनोद वाईट झालेत. आबाला आवडत नाहीत."

आबा माझ्यावर बसले होते. त्यांना आलेला कंप मला वरून खालपर्यंत जाणवला.

"विनोद चांगलेच आहेत गं," ते म्हणाले. "मी हसलो की मला शू होते. ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. लाज वाटली, म्हणून तुला हाकललं."

भिंगरीने भिंत सोडली. "मग हे आधी नाही का सांगायचं? मी नकला करायला दुसऱ्या दुकानात जाणार होते!" मग ती जवळ आली. "म्हणजे हसायच्या आधी तुला कळायला पाहिजे?"

"हो."

तिने क्षणभर विचार केला. मग आबांच्या समोर उभी राहून तिने गळा खाकरला.

"एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, 'आबा, हवा फुकट आहे ना?' आबा म्हणाला, 'हो, फुकट.' तर ते म्हणालं..."

इथे तिने बोट वर केले आणि थांबली. आबांनी आवळून मान हलवली. मी जराही हललो नाही.

"'मग दोन्ही चाकांत भरा, आणि थोडी घरी न्यायला बांधून द्या!'"

आबा हसले. असे हसले, की मी त्यांच्यासकट उडालो आणि ताईने दोघांना धरले. हसू ओसरले. आबा अंदाज घेत राहिले.

"थोडंसं झालं," ते हळूच म्हणाले. "पण थोडंसंच."

भिंगरीने पुन्हा बोट वर केले. या खेपेला जरा जास्त वेळ.