तंबाखू मुरायची बरणी

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, घट्ट झाकणाची. मला घडवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. माझं आयुष्य गेलं ते पाइपची तंबाखू मुरवण्यात.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानामागच्या अंगणात त्यांनी तंबाखूची रोपं लावली होती. कळ्या धरल्या की ते शेंडे खुडायचे, म्हणजे सगळा जोर पानांत उतरतो. पानं दोरीला ओवून माळ्यावर टांगायची, वाळली की पाण्याचा हलका हबका मारून मऊ करायची, मधली शीर काढून बारीक चिरायची. गडद पान किती, फिकट किती, हे ते नुसत्या वासावर ठरवत आणि मिश्रण माझ्या हवाली करत.

मालकीणबाईंना मात्र त्या वासाचं वावडं होतं. "अहो, तुम्ही आणि तुमचा पाइप, दोघंही अंगणात," हे त्यांचं रोजचं बोलणं.

एका हिवाळ्यात मालकांना मोठा ताप आला. बरे झाल्यावर त्यांनी नवी पानं माझ्यात भरली. काही दिवसांनी बाई स्वयंपाकघरातून आल्या. "कसला कुबट वास येतोय हा? बुरशी धरलीय."

मालकांनी झाकण काढून नाक आत घातलं. मला हलवून पुन्हा हुंगलं.

"मला काहीच वास येत नाही गं," ते म्हणाले.

तापात त्यांचं नाकच गेलं होतं. मला रिकामं करून त्यांनी कपाटात ठेवलं. उरलेली पानं माळ्यावर तशीच लटकत राहिली. जेवतानाही ते अर्ध्या ताटावरून उठत.

मग एका दुपारी बाई स्वतः शिडी चढल्या. दोन पानं आणून मालकांसमोर बसल्या आणि तोंड वाकडं करत हुंगू लागल्या. "हे वाळल्या गवतासारखं. आणि हे मनुकांसारखं, गोडसर. चालेल?"

मालकांनी सुरी घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं हात त्यांचे आणि नाक बाईंचं.

पुढे खोकला जडला. डॉक्टरांनी पाइप बंद केला, पण तोवर छाती पोखरली गेली होती. मालक गेले.

"मी तेव्हा माळ्यावर गेलेच नसते तर?" बाईंनी लेकीला एकदाच विचारलं. लेकीने त्यांचा हात हातात घेतला.

आज लेक म्हणाली, "आई, ही बरणी सोडा घालून धुते. साखर ठेवायला होईल."

"धू. पण मी जरा फिरून येते. माझ्यादेखत नको." गुडघे दुखत असतानाही बाई चपला घालून निघाल्या.

लेकीने पाणी तापवलं, झाकण उघडलं. तळाशी थोडा चुरा आहे. वाकून तिने वास घेतला, आणि तेव्हापासून ती खुर्चीत बसून आहे. पाणी निवत चाललंय.

धू मला, पोरी. रडायचं ते मागाहून रड. तुझी आई कुठेतरी कोपऱ्यावर उगाच उभी असेल, दुखऱ्या पायांवर. तिला फार वेळ बाहेर ठेवू नकोस.