टाच उतरायच्या आधी

सोनारीच्या काळभैरवाच्या देवळाबाहेर नागूबाईनं राघवेंद्र मास्तरांना लगेच ओळखलं. मास्तरांनी तिला ओळखलं ते तिच्या लेकीचं नाव ऐकून. नऊ वर्षांपूर्वी, पंचावन्न साली, सोलापूरच्या एका दवाखान्यात दोघं दर सोमवारी एकाच बाकावर बसत. तिची म्हाळसा आणि त्यांची शामला, दोघी तान्ह्या. दोघींचाही उजवा पाय जन्मतःच आत वळलेला, टाच वर ओढलेली. डॉक्टर दर आठवड्याला पाय हातानं थोडा वळवून नवं प्लास्टर घालत.

आता म्हाळसा चिंचेखाली उकिडवी बसून कोकराला पाला चारत होती.

"बस की गं," तिनं शामलाला बोलावलं.

शामलानं गुडघे वाकवले. घोटा वाकेना. ती दोनदा मागं कलंडली, मग पाय लांब करून बसली.

"म्हातारीवानी बसतीस," म्हाळसा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मास्तर हसले नाहीत. शामलाचा पाय दिसायला म्हाळसाच्या पायापेक्षा सरळ होता. बी.एस्सी. झालेले मास्तर त्या काळी प्लास्टर निघालं की आलेखाच्या कागदावर पाय टेकवून त्याची आकृती काढत, आत वळल्याचा कोन मोजत आणि दर आठवड्याच्या कोनांची रेघ आखत. सात आठवडे कोन भराभर कमी झाला. मग तीन आठवडे रेघ आडवी. कागद डॉक्टरांपुढं ठेवून ते म्हणाले, "सुधारणा थांबली आहे."

"थांबलेली नाही. अजून चार महिने द्या," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांना ते अंदाजाचं बोलणं वाटलं. त्यांनी शामलाला पुण्याला नेलं, ऑपरेशन करवलं. पाय एका दिवसात सरळ झाला आणि पुढं जखम भरताना आतून आखडत गेला.

"तुमी मधीच यायचं सोडलं, मास्तर," नागूबाई म्हणाली. "माझा भाऊ बिरू बी म्हनायचा, मेंढरं सोडून कुठवर हेलपाटे घालतीस? म्हनलं, तू राख मेंढरं."

"म्हाळसाचा पाय कधी सरळ झाला?"

"पंजा तर तुमी हुतात तवाच सरळ झाला. मंग डागदर म्हनले, आता टाच खाली आनायची. लई दिस गेले. वरनं बघितलं तर कायबी फरक न्हाय. म्या आपली टाचंला हात लावून बघायची."

मास्तरांना आठवलं, रेघ आडवी झाली त्याच आठवड्यात डॉक्टरांचे हात टाचेकडे वळले होते. वरून काढलेल्या आकृतीत टाच उतरताना दिसली नसती. त्यांनी एकच कोन मोजला, अगदी अचूक मोजला, आणि दुसरा काही मोजायचा आहे का, हे विचारलं नाही.

परांड्याच्या गाडीची वाट बघताना शामलानं विचारलं, "अण्णा, मलाही प्लास्टर होतं ना? मग ऑपरेशन कशाला केलं?"

सुधारणा थांबली होती, हे लोकांना द्यायचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही.

"मला वाटलं, प्लास्टरनं होणार नाही. डॉक्टर थांबा म्हणत होते. मी थांबलो नाही."

"किती थांबायचं होतं?"

"चार महिने."

शामलानं बोटांवर मोजलं. "म्हणजे दिवाळी ते होळी." मग जरा विचार करून म्हणाली, "मी थांबले असते की."

"हो," मास्तर म्हणाले.