तिसऱ्या गाईची राखण

"तपासनीस येऊन कातडं सोलेपर्यंत ही गाय इथून हलणार नाही," लोर्ना ट्वेटनं सकाळी सातलाच सांगून टाकलं, आणि मेलेल्या गाईच्या डोक्याशी बादली पालथी घालून ती बसली ती बसलीच.

ऑरिन हॉगलंड ट्रॅक्टर घेऊन आला होता. गाय त्याची होती. रँच, म्हणजे ही सगळी कुरणं, एका संस्थेची, अस्वलांसाठी राखलेली. उन्हाळ्यात चरायला गुरं यायची ती ऑरिनसारख्या शेजाऱ्यांची, आणि ती सांभाळायची लोर्नानं. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

"मागचा अर्धा भाग गायब आहे, तरी तुला पुरावा हवा?" ऑरिन म्हणाला. "अस्वलीण जाताना चिठ्ठी ठेवून जाते की काय?"

"खाल्लीय ते दिसतंय. मारलीय ते दिसत नाही."

"तू माझ्या गुरांची राखणदार की तिची वकील?"

"आज दोन्ही. जा, उगाच डिझेल जाळू नकोस."

ऑरिन थुंकला आणि ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

फाटक्या कानाच्या त्या अस्वलिणीच्या नावावर आधीच दोन गाई लागल्या होत्या. तिसरी लागली की सरकारी नियमानं लोखंडी पिंजरा आणि मग मरणाची सुई. त्याला अपील नव्हतं. तिची दोन पिल्लं याच वर्षीची, मांजरापेक्षा थोडी मोठी. आईविना ती हिवाळा बघणार नव्हती. लोर्नाला हे स्वच्छ माहीत होतं.

जिवंत गाईला दात लागले तर कातड्याखाली रक्त साकळतं. मेल्यावर लचका तोडला तर मांस स्वच्छ राहतं. खरंखोटं करायला एवढं पुरतं, पण कातडं तपासनिसानंच सोलायचं. दुसऱ्या कुणाचा सुरा लागला की पुरावा बाद. तपासनीस खिंडीपलीकडे दुसऱ्या कामात अडकला होता, तीनच्या आत येणार नव्हता. तोवर जूनचं ऊन होतं, डोमकावळे होते, आणि मुख्य म्हणजे अस्वलीण स्वतः होती. तिनं मान नि खांदा खाल्ला असता तर स्वतःच्या सुटकेचा पुरावा स्वतःच फस्त केला असता.

विजेचं कुंपण खाली वासरांच्या कुरणाला लावलेलं होतं. इथे वर नुसती लोर्ना होती.

तिनं गाईवर ताडपत्री टाकली आणि ओढ्याचं पाणी आणून आणून ती ओली ठेवली. दोन बादल्या भरून आणायच्या, ओतायच्या, कावळ्यांना शिव्या द्यायच्या, परत खाली. त्रेसष्टाव्या वर्षी कंबर बोलायला लागते. तिनं कंबरेलाही शिव्या दिल्या.

अकराच्या सुमाराला झुडपं हलली. अस्वलीण बाहेर आली, मागे पिल्लं. ती दोन पायांवर उभी राहिली, वास घेतला आणि दात वाजवले.

लोर्ना पळाली नाही. तिनं फावडं बादलीवर बडवायला सुरुवात केली. "भवाने! तुझ्यासाठीच बसलेय इथे उन्हात! नाही कळलं तर नको कळू, पण मान सोड!"

अस्वलीण सुसाट आली. वीस पावलांवर असताना लोर्नानं कमरेला लावलेल्या, अस्वल पळवायच्या डब्याची खीळ काढून तिखटाचा फवारा सोडला. वारा नशिबानं पाठीमागून होता. नारिंगी ढगात अस्वलीण शिंकली, गुरकावली, वळली आणि पिल्लांना ढकलत झुडपात गेली.

लोर्नानं फावडं टाकून बाहीनं तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

मग ती पाण्याला गेली, या वेळी तिखट धुवायला जरा वरच्या अंगाला, आणि ओढ्याच्या काठावर तिला ते दिसलं. लार्कस्परची निळी झुडपं, शेंडे खुडलेले. गुरांनी खुडलेले.

लार्कस्परचं विष गाईला तासाभरात आडवं करतं, म्हणून निळी फुलं वाळेपर्यंत वरचं कुरण बंद ठेवायचं, हा नियम लोर्नानंच केलेला. आणि गेल्या गुरुवारी फाटक उघडलं होतं तेही लोर्नानंच. अस्वलीण खालच्या कुरणातल्या ओढ्याशी घुटमळत होती, गुरं तिच्यापासून लांब असावीत म्हणून. फुलं यायला अजून आठवडा आहे असा तिचा अंदाज होता. अस्वलिणीला वाचवायच्या नादात गाय तिनं मारली होती.

तपासनीस रूड साडेतीनला आला, गाडीमागे पिंजरा जोडून. ऑरिनही आला, या वेळी घोड्यावरून. रूडनं मानेवरचं कातडं सोललं, मग खांद्यावरचं, मग बरगड्यांवरचं. रक्ताचा डाग नव्हता.

"मागून धरली असेल," ऑरिन म्हणाला. "तो भागच कुठे उरलाय?"

रूडनं सुरा पुसला. "तेही खरंच. लोर्ना, दुसरं कारण सापडलं नाही तर मला संशय लिहावा लागेल. आणि तिसऱ्या वेळी संशयही पुरतो, तुम्हाला माहीत आहे."

आता गप्प राहिलं असतं तर नोकरी राहिली असती. लोर्नानं झुडपांकडे पाहिलं.

"पोट फाड," ती म्हणाली.

हिरव्या लगद्यात निळ्या पाकळ्या होत्या, मूठभर तरी. रूडनं त्यातल्या दोन सुऱ्याच्या टोकावर धरल्या.

"हे कुरण कुणी उघडलं?" ऑरिननं विचारलं.

"मी."

"तू? आम्हाला बावीस वर्षं शहाणपण शिकवणारी तू?"

"हो, मीच. चूक माझी आहे, तिची नाही. रूड, असंच लिही. माझं पूर्ण नाव टाक."

"संस्थेला आजच कळवतो," ऑरिन ओरडला. "उद्या या फाटकाची किल्ली तुझ्याकडे नसेल!"

"कळव. तुझ्याआधी मीच कळवणार आहे. पण आज किल्ली माझ्याकडे आहे, आणि तुझ्या एकशे चाळीस गाई आत्ता खाली जाणार आहेत. तोंड चालवायचं असेल तर घोड्यावर बसून चालव, मला एक माणूस कमी पडतंय."

ऑरिन शिव्या देत घोड्यावर बसला. पण बसला.

पिंजरा रिकामाच खडखडत उतारावरून गेला. लोर्नानं गाईचं पोट नि त्यातलं विष खोल पुरलं, ताडपत्री ओढून घडी केली, आणि शेवटची गाय बाहेर पडल्यावर फाटकाला साखळी घातली.

झुडपांतून फाटका कान बाहेर आला, मागोमाग पिल्लं. लोर्नानं फाटकावर हात टेकले.

"खा," ती म्हणाली. "आता मानसुद्धा खा."