चार दावी

ग्रीसमधल्या सालोनिकाच्या ज्यू सभेच्या माडीवरच्या खोलीत पालोम्बा म्हणेल ती पूर्व दिशा. एकोणीसशे त्रेचाळीस साली जर्मनांनी स्टेशनाजवळच्या वस्तीत कोंडलेल्या आणि तिथून गाड्यांत भरून पोलंडला नेलेल्या माणसांची यादी ती कितीतरी वर्षं जुळवत होती. दोन कागद एकमेकांशी जुळल्याशिवाय नाव पुढे सरकायचं नाही, हा तिचा नियम. नावापुढे शेवटी एकच खूण: परतला, किंवा नाही परतला. आज संध्याकाळी यादी छापखान्यात जाणार होती, आणि पालोम्बा स्वतःवर इतकी खूश होती की तिने कॉफीत साखर दोनदा घातली.

तेवढ्यात तियो दावी आले. अख्ख्या मासळीबाजाराचे ते तियो, म्हणजे काका. अंगात लग्नाचा कोट, हातात बायकोने केलेल्या बोरेकितांचा, म्हणजे वांग्याच्या करंज्यांचा डबा.

"माझं नाव दाखव गं पोरी. तुमच्या हिशेबात मेलोबिलो नाही ना?"

"ठणठणीत आहात, तियो. हे बघा. कुएन्का दावी, परतला."

तियोंनी चष्मा पुसला. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली.

"बाकीचे दावी कुठे गेले?"

"बाकीचे कोण?"

"अगं, आम्ही चौघं होतो की!"

लाझर हसला. हा अँटवर्पहून मदतीला आलेला, मूळचा पोलिश ज्यूंच्या घरातला, कामाला वाघ. "चार नव्हते, तियो. वस्तीच्या नोंदीत एकाच मुलाची चार कार्डं झाली होती. आडनाव तेच, घर तेच, वय एकेका वर्षाने इकडेतिकडे. बापाची नावं वेगळी होती, पण कारकुनांनी घाईत काय वाट्टेल ते लिहिलंय. मी चारांचा एक केला."

पालोम्बाने ते पान पुढे ओढलं. त्या पानावर तिने डोळे झाकून सही केली होती.

"अरे दीडशहाण्या!" तियो कडाडले. "आजोबांचं नाव दावी. त्यांचे मुलगे चार. चौघांनी आपापल्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवलं. घर एक, अंगण एक, दावी चार!"

"आजोबा जिवंत असताना?" लाझर दचकलाच. "आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. त्याचं मरण चिंतल्यासारखं होतं ते."

"आणि आमच्याकडे नाही ठेवलं तर म्हातारा पोराच्या बापाचा जीव घेतो!"

पालोम्बाला हसू आवरेना. तियोही हसले. मग त्यांनी 'परतला' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे वाचून कुणीही म्हणेल, दावी कुएन्का आला बाबा घरी. माझ्याआड तिघांना लपवलंत रे तुम्ही. ते नाही आले."

लाझरचा चेहरा खर्रकन उतरला. पालोम्बाने फोन उचलून छापखान्याला ठणकावलं, "यादी उद्या मिळेल. ओरडायचंय तेवढं ओरडा." मग खण उपसले. तिन्ही कार्डं निघाली: बाप इसाक, बाप अल्बेर्तो, बाप मोरिस. पण दुसरा कागद एकाचाही नाही. पोलंडच्या छावणीत नोंद व्हायची ती कामाला लावलेल्यांची. तियोंची झाली होती. या तिघांना गाडीतून उतरवून थेट मारायलाच नेलं होतं.

"दोन कागदांचा नियम माझाच," पालोम्बा चरफडली. "आता दुसरा आणू कुठून?"

"मग मी काय हवा खायला आलोय? मी होतो ना त्या गाडीत! घे लिहून."

डोळ्यांदेखतची साक्ष, खाली सही. चालतं की! पालोम्बाला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तियो सांगत सुटले. इसाकचा दावी असा लठ्ठ की खिडकीत अडकला होता. अल्बेर्तोचा गोट्यांत लबाडी करायचा आणि पकडला की देवाची शपथ घ्यायचा. मोरिसचा सगळ्यात धाकटा, त्याला वाटायचं आपण गातो. लिहिताना लाझरला हसू फुटत होतं आणि नाकही पुसावं लागत होतं.

"साक्षीदार दावी कुएन्का, विषय दावी कुएन्का," तो पुटपुटला. "लोक मला वेड्यात काढतील."

"काढू देत. तू बोरेकिता खा आणि टाइप कर," पालोम्बा म्हणाली.

चार ओळी तयार झाल्या. शेवटची तपासणी म्हणून पालोम्बा मोठ्याने वाचायला लागली, तसा तियोंनी हात वर केला.

"असं सरकारी नको. आमची नोना, आजी गं, जेवायला सज्ज्यातून हाक मारायची. एकदाच. चौघं धावायचो, शेवटी पोचेल त्याला अंडं नाही. तशी मार."

पालोम्बा उठली आणि खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर माणसं होती, पण आता कोण लाजतंय!

"दावीऽऽ! इसाकचा!"

तियो ऐकत राहिले.

"दावीऽऽ! अल्बेर्तोचा! दावीऽऽ! मोरिसचा!"

लाझरने टाइपरायटरवरचे हात काढून घेतले.

"दावीऽऽ! सालोमोनचा!"

"आलो, नोना," तियो म्हणाले. "मी शेवटचा."