पुढे पळणारं घड्याळ

चावीच्या कडा झिजल्या आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरलेली मनगटी घड्याळाच्या कडेची ती चिमुकली पोलादी चावी पूर्वी बोटात रुतायची, आता नुसती गोल, गुळगुळीत झाली आहे — आणि तरी फिरते आहे, आतून ती ओळखीची कुरकुर येते आहे, मग जराशी अडते, बस, पुरे… एड्मे पेरनूनं डोळे मिटूनच हात थांबवला. घड्याळाला चावी द्यायला डोळे लागत नाहीत. कुठे थांबायचं ते बोटं सांगतात. निदान बोटं तरी अजून सांगतात.

खिडकीबाहेर ल लोक्ल गावातला चढ बर्फानं भरून गेला होता. आज संध्याकाळी ब्लेझ येणार. येणार म्हणजे तिला घेऊन जाणार — खाली न्यूशातेलला, सरोवराकाठच्या त्या वृद्धाश्रमात, खोली बघायला. “नुसती बघायला, आई.” नुसती! दात काढायला नेतानाही लहानपणी मी त्याला असंच सांगायची, नुसता बघतील हं डॉक्टर.

आणि हे सगळं कशावरून, तर रविवारच्या जेवणावरून. ती ब्लेझकडे पोचली तेव्हा सून सोलेन ओल्या केसांनी दारात आली, आत बटाटेसुद्धा सोलायचे होते, आणि ती म्हणाली, “आई… अजून पुष्कळ वेळ आहे ना?” — आणि मग नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं एड्मेनं पाहिलं. गायनाच्या तालमीलाही ती अशीच आधी जाऊन बंद दारापाशी उभी राहिली होती, बसथांब्यावरही. पण ते कुणी पाहिलं नव्हतं. तिनं मनगट पुढे केलं होतं. “माझ्या घड्याळात बरोबर वाजलेत.”

“म्हणजे घड्याळ चुकतंय?” ब्लेझ म्हणाला. “जन्मभर तू आम्हाला काय ऐकवलंस? माझं घड्याळ चुकत नाही.”

ऐकवलंच होतं. पियानो शिकवणाऱ्या बाईनं पुरुषांची जाड, रुंद घड्याळं जमवावीत आणि ती तिजोरीत न ठेवता एकामागून एक मनगटावर वागवावीत, ह्यावर ह्या घड्याळवाल्यांच्या गावानं काय कमी दात काढले? बायकांनी घालायचं ते नाजूक, दागिन्यासारखं. कुणी विचारलं किती वाजले तर लाजून हसायचं. एड्मेनं हेच, हे पोलादी, स्वतःच्या लग्नात झग्याच्या लेसवर चढवलं होतं. सासूचा चेहरा आंबट झाला होता. फोटोत तो तसाच आहे. त्या दिवसापासून ह्याला ती घासते, पुसते, पट्टे बदलते, वेळच्या वेळी उघडून तेलपाणी करून घेते, आणि काचेवरचा एकही ओरखडा कुणाला पुसू देत नाही. ते ओरखडे माझे आहेत.

तेव्हा आज सकाळी तिनं ठरवलं. दोघांपैकी एक चुकतंय — घड्याळ किंवा मी. घड्याळ असेल तर मी कुठेही जात नाही. आणि मी असेन तर…? तिनं कोट चढवला.

ओरेल सांदोचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उतारावर खाली होतं. ओरेल शाळेपासूनचा, तिच्याइतकाच म्हातारा. भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“काय गं, पुन्हा कुणी पॉलिश करू म्हणालं की काय? तोंड असं का?”

“पळतंय. पुढे पळतंय. बघ.”

त्यानं घड्याळ कानाशी नेलं. भुवया वर गेल्या. मग खणातून छोटंसं होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि घड्याळ त्याच्याजवळ आणलं. होकायंत्रातली सुई थरथरली, मग उत्तर दिशा सोडून घड्याळाच्या मागे वळली. एड्मेच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. घड्याळ! घड्याळच! मी नाही!

“चुंबक लागलंय,” ओरेल म्हणाला. “आतल्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटताहेत, मग धावणारच ते. रात्री कुठे ठेवतेस गं?”

“उशाशी. त्या…” आणि ती थांबली.

त्या काळ्या थाळीवर. ब्लेझनं आणलेलं ते पडल्यावर बोंब मारणारं मनगटी यंत्र तिनं मोज्यांच्या खणात कोंबलं होतं, पण त्याला चार्ज करायची गोल थाळी मऊ होती, रबरी, घड्याळ तिच्यावर कसं छान बसायचं — तुझ्या त्या खेळण्याचा एवढाच उपयोग, बाबा! ते यंत्र थाळीवर टेकवलं की टक् करून आपोआप चिकटायचं. ते टक् तिनं ऐकलं होतं. सकाळी घड्याळ उचलताना हलकासा ओढा जाणवला होता. बोटांनी सांगितलं होतं… आणि मी ऐकलं नाही.

ह्या गावातलं शेंबडं पोरही घड्याळाजवळ चुंबक नेत नाही. तिनंच ब्लेझला शिकवलं होतं — शिकवलं कसलं, तो लहान असताना शाळेतून घोड्याच्या नालेसारखं लाल चुंबक घेऊन तिच्या घड्याळांच्या खणाशी आला तेव्हा ती अशी ओरडली होती की पोरगं दिवसभर जिन्यात रडत बसलं. ह्या घरात चुंबक येणार नाही! आणि आता तेच पोरगं चुंबक घेऊन आलं, आणि त्याच्यावर घड्याळ ठेवलं ते मी, माझ्या हातानं, रोज, कौतुकानं.

ओरेलनं घड्याळ चुंबक उतरवणाऱ्या एका निळ्या डबीवर धरलं, बटण दाबलं, आणि हात सावकाश वर उचलला. “झालं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“डोक्यासाठी नाही का रे असली डबी?”

“असती तर पहिला मी बसलो असतो तिच्यावर,” ओरेल म्हणाला, आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं.

संध्याकाळी चर्चचे टोल पडले तेव्हा काटे अगदी जागेवर होते. एड्मे स्वयंपाकघरात बसून होती. आता सांगायचं, ब्लेझ, तुझ्या थाळीनं केलं हे सगळं. तो ओशाळेल, माफी मागेल, खोली राहील बाजूला. खोटंही नाही त्यात काही. पण मग परवा सोलेनला हाक मारताना दोन भलतीच नावं तोंडात आली ती? तिथे कुठलं चुंबक होतं? आणि चुंबकाची गोष्ट विसरले ती कुणामुळे? ज्या घड्याळाला मी साक्षीला उभं केलं त्यानं मला सोडवलं, आणि सोडवता सोडवता माझंच नाव घेतलं…

तिला राग आला. स्वतःचा नाही, ब्लेझचाही नाही. साक्षीदार शोधत उतार उतरून गेलेल्या त्या सकाळच्या बाईचा. काय म्हणून? मी विसरते. हो, विसरते. घड्याळ एका बटणानं ताळ्यावर आलं, मी येणार नाही, पुढच्या हिवाळ्यात आणखी विसरेन, कदाचित हेसुद्धा — आणि तरी हे घर माझं आहे, हे मनगट माझं आहे, आणि त्याच्यावर काय चढवायचं ते मी ठरवणार. चुकत चुकत ठरवणार.

तिनं उशाशी जाऊन थाळी आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली, ब्लेझच्या खुर्चीसमोर. सगळं सांगायचं. त्याचं चुंबक आणि आपलं विसरणं, दोन्ही. मग त्याला काय वाटायचं ते वाटो.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्यात पावलं. एड्मेनं बाही कोपरापर्यंत वर दुमडली, घड्याळ उघडं केलं. बेल वाजली. ती उठली नाही. पुन्हा वाजली, जरा लांब, काळजीची… वाजू दे. येतेच आहे मी. माझ्या वेळेनं.