सोनेरी रंगाखालची चीर

मित्रांनो, मी एक जुनी रिम आहे. गाडीच्या चाकात टायरच्या आत जे लोखंडी कडे असते, ते मी. रस्त्याने जाताना तुमचे लक्ष गाडीच्या रंगाकडे जाते, काचेकडे जाते; माझ्याकडे कुणी सहसा पाहत नाही. गाडीचा आणि गाडीतल्या माणसांचा भार मात्र चार बोल्टांमधून माझ्यावर येतो आणि तो मी वळणावळणावर, खड्ड्याखड्ड्यावर पेलत असते. निदान पेलत होते.

माझा जन्म पत्र्याचा. एका अजस्र यंत्राखाली मला गोल आकार मिळाला, मध्ये चार भोके पडली, अंगावर काळा रंग चढला. मग मी एका पांढऱ्या व्हॅनच्या डाव्या चाकात बसले आणि रायपूरला आले. आमचा मालक लग्नकार्यात स्वयंपाक करणारा आचारी होता. पुरानी बस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून मी अकरा वर्षे पातेली, कढया, तांदळाची पोती आणि हसणाऱ्या-भांडणाऱ्या वाढप्यांना वाहून नेले. भार नेहमीच जास्त असे. मला त्याचे दुःख नव्हते. कुणाच्या तरी उपयोगी पडण्यात जो थकवा असतो, तो गोड असतो.

मग एका उन्हाळ्यात माझा आवाज बदलला.

हे सर्वांत आधी कळले गुलाबरावांना. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात त्यांचे गॅरेज होते. चाक उघडले की ते रिमवर पाना हलकेच आपटत आणि डोळे मिटून ऐकत. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा ऐकले. मग मला रॉकेलने पुसले, कोरडे केले आणि वर खडू फासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर आत मुरलेल्या रॉकेलची एक काळी, ओलसर रेघ उमटली. बोल्टाच्या भोकापासून निघालेली ती चीर केसाहून जाड नव्हती.

"इले आता गाडी नाही," गुलाबराव एवढेच बोलले. त्यांनी माझ्यावर लाल रंगाचा एक आडवा पट्टा ओढला आणि मला भिंतीवर टांगले.

त्या भिंतीवर माझ्यासारखी आणखी पुष्कळ मंडळी होती. तुटलेली कमान-पट्टी, वाकलेला रॉड, झिजून गुळगुळीत झालेले गिअर. प्रत्येकाच्या अंगावर तोच लाल पट्टा. त्या पट्ट्याचा अर्थ 'हे पुन्हा कधीही लावायचे नाही' असा होता. पण तो कुठे लिहिलेला नव्हता. गॅरेजातल्या जुन्या कारागिरांना तो ठाऊक होता, आणि ते एकेक करून निवृत्त झाले.

मित्रांनो, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मला त्या भिंतीवर लाज वाटत असे. येणारा-जाणारा माझ्या पट्ट्याकडे पाही आणि मला वाटे, याला माझी चीरच दिसते आहे. अकरा वर्षांची चाकरी कुणाच्या ध्यानात नाही. ध्यानात राहिली ती एक रेघ.

अशात विकी आला. गुलाबरावांच्या बहिणीचा हा मुलगा, वय अठ्ठावीस, नोकरीसाठी पुण्याला निघालेला. "मामाचं गॅरेज सांभाळ," असे घरच्यांनी सांगितले म्हणून थांबला, पण त्याचा जीव तिथे रमेना. एके सकाळी तो भिंतीसमोर उभा राहिला.

"मामा, हे काय कबाडखाना करून ठेवला? तेलीबांध्याच्या कॅफेत लोक असे पार्ट सजवून लावतात. पब्लिक फोटो काढते, फोटो!"

"गॅरेजात फोटो काढाले कोण येईन बे?"

"येतील. तुम्ही फक्त हव म्हणा."

गुलाबरावांनी भिंतीकडे पाहिले. मग भाच्याकडे पाहिले. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर उजेड होता. लाल पट्ट्याविषयी काही बोलावे असे त्यांच्या मनात आले असावे, कारण त्यांचा हात क्षणभर माझ्यापाशी थबकला. पण भाचा पुन्हा हिरमुसेल, या भीतीने ते मागे सरले.

"हव," ते म्हणाले. "कर तुझ्या मनासारखं."

विकीने मला तारेच्या ब्रशने घासले. माझ्या चिरेत पुटीनचा लगदा भरला, वरून प्रायमर मारला आणि मग सोनेरी रंगाचा फवारा. लाल पट्टा गेला, चीरही गेली. माझ्याभोवती निळ्या दिव्यांची माळ लागली. ग्राहक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. एक बाई म्हणाली, "कित्ती सुंदर!" मला आयुष्यात प्रथमच कुणी सुंदर म्हटले होते. मी ते मनापासून खरे मानले. आतल्या चिरेचा मला विसर पडला नव्हता; पण ती आता कुणाला दिसत नाही, याचा मला आनंद झाला होता. तो आनंद आजही मला टोचतो.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेचा दिवस उजाडला. या दिवशी भनपुरीतल्या गॅरेजांत कुणी हत्याराला कामाला लावत नाही. घण, ऐरण, पाने, सारे धुऊन-पुसून चौरंगापाशी मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना विश्रांती असते. सुट्या भागांची दुकानेही बंद असतात. गुलाबराव आणि विकी मंडपात आरतीला गेले होते. गॅरेजात होता फक्त सुशील, तीन महिन्यांपूर्वी लागलेला मेकॅनिक.

बाराच्या सुमारास नीलिमाताईंची शाळेची व्हॅन लंगडत आली. नीलिमाताईंचे वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांनी ही व्हॅन घेतली आणि तीवरच घर चालवले. खड्ड्यात आदळून मागच्या चाकाची रिम चेपली होती.

"सुशील, लवकर ठोकून दे रे. दीडला शाळा सुटते, नऊ पोट्टे आहेत."

"दीदी, आज कैसे ठोकूँ? घन तो पूजा में बैठा है।"

"आणि दुकानं?"

"सब बंद। स्टेपनी लगा दो न।"

"स्टेपनी मागच्या हप्त्यापासून दुसऱ्या चाकाच्या जागी लागून आहे." नीलिमाताईंनी घड्याळ पाहिले. "पोरं उन्हात उभी राहतील रे."

सुशीलने इकडेतिकडे पाहिले. मग त्याची नजर वर आली. माझ्यावर थांबली.

"ये तो आपकी ही गाड़ी का साइज़ है!"

त्याने मला खाली उतरवले. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण आम्हा लोखंडाला वाचा नाही. समोरच्या पंक्चरवाल्याने माझ्यावर टायर चढवला. "वाह, दीदी! आज तो आपकी गाड़ी दुल्हन बन गई," तो म्हणाला. नीलिमाताई हसल्या. व्हॅनमधल्याच पान्याने सुशीलने चार नट आवळले. कुणीही मला वाजवून पाहिले नाही. सोन्याचा रंग लागलेल्या वस्तूचा आवाज कोण ऐकणार?

मी पुन्हा रस्त्यावर आले. या क्षणाची मी भिंतीवर किती स्वप्ने पाहिली होती! पण प्रत्येक फेऱ्यासरशी पुटीनचा कण सुटत होता आणि चीर पुढच्या भोकाकडे सरकत होती. शाळेपाशी नऊ मुले चढली. दुसरीतली ज्ञानदा माझ्या बाजूच्या खिडकीपाशी बसली. मुले मोठ्याने गात होती. मी खालून मोजत होते, अजून किती वळणे, अजून किती खड्डे.

वाटेतल्या तलावाच्या वळणावर मी फाटले.

चाक आडवे झाले, व्हॅन एका कुशीवर घसरत गेली आणि पदपथाच्या कठड्याला अडकून थांबली. काच फुटली. मग नऊ गळे एकदम रडू लागले. नीलिमाताईंनी कपाळावरचे रक्त न पुसता एकेका मुलाला बाहेर काढले. ज्ञानदाचा डावा हात कोपरापाशी भलत्याच दिशेला वळला होता. ती रडत नव्हती. "दीदी, मेरा टिफिन कहाँ गया?" एवढेच ती पुन्हापुन्हा विचारत होती.

मुले वाचली. ज्ञानदाच्या हातावर मात्र शस्त्रक्रिया करावी लागली. आठवडाभरात पाच घरांनी आपली मुले दुसऱ्या व्हॅनमध्ये घातली.

नीलिमाताई मला घेऊन गॅरेजात आल्या. त्यांनी मला जमिनीवर ठेवले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"काका, तुमच्या गॅरेजातली वस्तू म्हणून मी वळून पाहिलं पण नाही."

गुलाबराव खाली बसले. फाटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. त्यांनी मला ओळखले.

"मले काय माहीत होतं, मामा?" विकीचा आवाज चिरकला. "लाल रंग म्हणजे काय, हे मले कोणी सांगतलं? तुम्ही तर समोर उभे होते!"

सुशील मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता.

"तुयी चूक नाही रे," गुलाबराव हळूच म्हणाले. "सुशीलचीही नाही. पोरी, मले माहीत होतं. मी सांगतलंच नाही कोणाले. पोट्टा खूश दिसून राहिला होता, म्हणून तोंड मिटून बसलो."

दुसऱ्या दिवशी ते ज्ञानदाच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर त्यांनी सारी भिंत रिकामी केली आणि मारोती कबाडीला भंगार न्यायला बोलावले. मारोतीने ढिगातून मला उचलले, उन्हात फिरवून पाहिले.

"गुलाबभाऊ, ही मी ठेवून घेतो. वेल्डिंग मारून दुकानात टांगीन. सोनेरी आहे, चमकते मस्त."

पुन्हा भिंत, पुन्हा कौतुक, पुन्हा एखादा घाईचा दिवस.

"ठेव खाली," गुलाबराव म्हणाले. "विकी, गॅस कटर आण. चार तुकडे कर इचे. मायासमोर."

"मामा, मी?"

"तूच."

विकीने कटर पेटवला. ज्योत निळी झाली, माझ्या अंगाला लागली, आणि सोनेरी रंग काळवंडून फुगला, गळून पडला. मला वेदना झाल्या. पण मित्रांनो, खरे सांगते, त्या आगीत मला फार दिवसांनी निर्धास्त वाटले. आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हते.

या क्षणी मी चार तुकड्यांत मारोतीच्या ट्रकमध्ये पडले आहे. पोलाद वितळवणाऱ्या भट्टीचा धूर इथून दिसतो. ज्ञानदाचा हात पूर्ववत सरळ झाला का, हे मला आता कधीच कळणार नाही. ते न कळणे घेऊनच मी आगीत उतरेन.

तुम्ही जुन्या वस्तू जरूर जपा, घरात मांडा, भिंतीवर लावा. पण रंग देण्याआधी ती वस्तू कामातून का गेली, हे विचारा. आम्हाला विचारू नका; आम्हाला बोलता येत नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने, समोरच्याचा आनंद मोडत असला तरी, कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.